परखी मारून पाहिलेला शेवटचा भाग

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या मंडळी. कारण पुढे एका माणसाच्या छातीचा प्रश्न येणार आहे, आणि तिथे कोणी हसलेलं मला चालायचं नाही. त्यानंतर माझी जी फजिती झाली तिला मात्र खुशाल हसा. अख्खी बाजारपेठ हसली, तुम्हीच काय पाप केलंय?

माझा धानाचा व्यापार. गोंदियाच्या राइस मिलवाल्यांना धान पुरवायचा, हा धंदा. शाळेत मी फार टिकलो नाही. जे काही शिकलो ते पोत्यांकडून शिकलो. आणि पोत्याकडून शिकायचं तर हातात परखी लागते. परखी म्हणजे लोखंडाची टोकदार नळी. शिवलेल्या पोत्यात खुपसायची आणि बाहेर ओढायची, की मूठभर दाणे तळहातावर येतात. ते बघायचे, एखादा दाताखाली फोडायचा, आणि पोत्याचा भाव सांगून मोकळं व्हायचं. वर एकदा, मध्ये एकदा, खालच्या अंगाला एकदा. तीन जागी परखी मारली की अख्खं पोतं समजतं. मला तर माणूसही तसाच समजतो, असं मी चारचौघांत सांगत असे. सांगत असे! हा भूतकाळ नीट ऐकून ठेवा.

आता टेकचंदची ओळख करून देतो. टेकचंद माझा लहानपणापासूनचा दोस्त. त्याचं गाव बोदलकशाच्या रस्त्यावर. घरची धानाची शेती. पण शाळेसाठी तो गोंदियात मामाकडे राहायचा आणि मामाचं घर आमच्या गल्लीत. त्या गल्लीत टीव्ही एकच, राइस मिलच्या मुनीमजींकडे. रविवारी सकाळी त्यांच्या दारात चपलांचा असा ढीग पडायचा की घरात कीर्तन चाललंय असं वाटावं.

कीर्तन नव्हतं. जपानी मालिका होती, हिंदीत बोलणारी. त्यात एक निळ्या मुखवट्याचा वीर होता, त्याच्या कपाळावर दिवा. दर रविवारी समुद्रातून एक राक्षस निघायचा, पुठ्ठ्याची घरं तुडवायचा, आणि आमचा निळा त्याला आडवा करायचा. राक्षसाच्या पाठीवरची चेन स्पष्ट दिसायची. आम्ही तिला त्याच्या पाठीचा कणा समजायचो! आता काय सांगू, इतकी श्रद्धा मी पुढे कुठल्या देवावर ठेवली नाही. आईचा भाताचा गंज, म्हणजे पातेलं, डोक्यावर घालून मी गल्लीत फिरायचो, आणि तो गंज एकदा कानांशी अडकला तेव्हा टेकचंदनंच साबण लावून काढला होता.

मग त्या मालिकेचा शेवटचा भाग आला. मोठ्या राक्षसानं निळ्याच्या छातीवर वार केला. निळा कड्यावरून खाली पडला, कपाळावरचा दिवा विझला, आणि...

आणि लाईन गेली.

मुनीमजींची बायको पदर खोचून स्वयंपाकाला उठली. आम्ही बंद टीव्हीसमोर बसून राहिलो. दुपार झाली तरी बसून राहिलो. लाईन आली तेव्हा टीव्हीवर शेतकऱ्यांसाठी भेंडीवरच्या किडीची माहिती चालली होती.

तेव्हापासून आमचं भांडण. मी म्हणायचो, तो मेला. छातीवर असा वार झाल्यावर कोण वाचतं? टेकचंद म्हणायचा, "तो उठते गा! उठलाच असन!" शाळा सुटली, लग्नं झाली, केस पिकले, भांडण जसंच्या तसं. त्याला हळद लागत होती तेव्हा मी कानात म्हटलं, "मेला." माझी वरात दारात आली तेव्हा तो घोड्याजवळ येऊन म्हणाला, "उठला." धंद्यात आमच्यात कधी शब्दाला शब्द झाला नाही. पण या एका गोष्टीवर दोघंही तसूभर हललो नाही.

तर गेल्या दिवाळीनंतर टेकचंदला धानाच्या शेतात धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चालताना धाप लागायला लागली. नागपूरला दाखवलं. डॉक्टरांनी सांगितलं, छातीचं ऑपरेशन करावं लागेल आणि लांबवू नका. तारीख ठरली. टेकचंद शांतपणे हो म्हणाला. आम्हाला सगळ्यांना त्याचं कौतुक वाटलं.

त्याची सून प्रियंका तिरोड्याला शाळेत शिकवते. हुशार पोरगी. सासऱ्याला ती मामाजी म्हणते. सासऱ्याच्या तोंडून निळ्याची कथा ऐकून ऐकून तिनं इंटरनेटवर कुठून तरी तो भाग शोधून काढला आणि मला फोन केला.

"काकाजी, सापडला वाटते. पन जपानीत आहे, हिंदी नाही. ऑपरेशनच्या आधी मामाजींना दाखवाचा आहे. हाच का तो, ते तुम्ही पाहून सांगा. आन पूर्ण पाहा हं, मंगच सांगा."

"पूर्ण म्हणजे? पाहतो ना!" मी म्हटलं.

आता माझी बाजूही समजून घ्या. धानाचा सीझन, दारात ट्रॅक्टरची रांग, हमाल ओरडून राहिले, मिलवाल्याचा फोन वाजून राहिला. अशा वेळी अर्धा तास जपानी कोण बघणार? मी फोन हातात घेतला आणि अंगठ्यानं ती खालची पट्टी सरकवली. सुरुवातीला बघितलं: निळा उभा, तोच मुखवटा, तोच दिवा. हाच तो! मध्ये बघितलं: कडा, वार, दिवा विझला. आणखी पुढे बघितलं: समुद्राचा किनारा, वाळूवर निळा आडवा, अंगावर फुलंच फुलं. माणसं माना खाली घालून उभी. एक बाई रडते आहे. मग सगळे पाठ फिरवून निघाले.

तीन जागी परखी. माल समजला.

इतक्या वर्षांचं भांडण मी जिंकलो होतो हो! मी तिथल्या तिथे, हमालांसमोर, शेतकऱ्यांसमोर, टेकचंदला फोन लावला.

"मेला बे! मेला तुझा निळा! फुलं वाहिली लोकांनी त्याच्यावर!"

मग तो म्हणाला, "तू पाह्यलं?"

"डोळ्यानं!"

"पूर्ण?"

"पहिल्यापासून शेवटपर्यंत!"

"बरं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मला वाटलं, हरल्यामुळे गप्प झाला. मी सगळ्यांना चहा पाजला. स्वतःही दोन कप घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रियंकाचा फोन. आवाज रडवेला. "काकाजी, मामाजींनी बॅग उघडली आन सगळे कपडे परत कपाटात ठेवले. नागपूरला नाही जात म्हनतात. कारन सांगत नाहीत. तुम्ही या."

मी दुकान तसंच टाकून निघालो.

टेकचंद अंगणात खाटेवर बसला होता. बाजूला मळलेल्या धानाचा ढीग, त्याच्यावर कोंबड्या. त्यानं त्यांना हाकललंही नाही, तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे.

"काऊन बे, बॅगमधले कपडे काऊन काढले?"

"धुवाचे होते."

"धुतलेले कपडे धुवाचे होते?"

त्याची बायको, आमच्या सुलोचनावहिनी, दाराला टेकून उभ्या होत्या. त्यानं त्यांना चहा ठेवायला आत पाठवलं. मग हळूच म्हणाला, "भोज्या, सांगतो. पन हसू नोको."

मंडळी, तुम्हीही हसू नका. इथेच.

"डॉक्टर म्हनते, छाती उघडाची, दिल थोडा वेळ बंद ठेवाचं, आन मंग सुरू कराचं. बंद कराचं त समजलं. पन सुरू होईनच, हे कोन सांगते? आपल्या इकडची लाईन पाह्यली ना तू? गेली का गेली."

"अबे, ते डॉक्टर आहेत. लाईनमन नाहीत."

"समजते मले. मी का पागल आहो?" तो धानाच्या ढिगाकडे बघत होता. "पन दिवाळीपासून मी मनाले एकच गोष्ट सांगून राहिलो. त्या निळ्याच्या छातीवर वार झाला, दिवा विझला, तरी तो उठला. मी पाह्यलं नाही, पन उठलाच असन. तेवढ्या भरोशावर बॅग भरली होती गा. आन मंग तुहा फोन आला."

मी जिंकलो म्हणून चहा पाजला होता, आणि इकडे हा माणूस बॅगमधून कपडे काढत होता.

"अबे, मस्करी केली मी! उठते तो! मस्त उठते!"

त्यानं माझ्याकडे बघून मान हलवली. "धानाच्या भावात तू खोटं बोलशीन. याच्यात नाही बोलत. जिंदगीभर भांडला माह्याशी, पन न पाह्यता 'पाह्यलं' कधी म्हनला नाही. आता मीच पाह्यतो. दाखवा मले."

झालं! आत प्रियंका टीव्हीला फोन जोडायला लागली आणि बाहेर मला घाम फुटला. कारण माझ्या लेखी निळा मेलेला होता! मी फुलं बघितली होती. टेकचंदनं ती बघितली की नागपूर संपलंच. तिला बाजूला घेऊन सांगावं, तर सांगणार काय? की पूर्ण पाहायला सांगितलेला भाग मी तीन जागी बघितला, आणि तुझ्या सासऱ्याचा धीर दोन कप चहात विकला?

व्यापारी माणूस अडला की तो इकडे तिकडे बघतो. मी बघितलं. पडवीत, दाराच्या बाजूलाच, मीटरचा बोर्ड होता. त्यावर मेन स्विच.

मला लहानपणीचा तो रविवार आठवला. लाईन गेली म्हणून तर टेकचंदचा भरोसा इतकी वर्षं जिवंत राहिला होता! आजही गेली तर? मेन पाडायचा, आत यायचं, आणि पुढचा भाग मी माझ्या तोंडानं सांगायचा. त्यात निळ्याला असा उठवायचा की टेकचंदनं आजच नागपूर गाठावं. बेत पक्का झाला.

भाग सुरू झाला. टेकचंदनं आंघोळ करून धुतलेला सदरा घातला होता. सुरुवातीचं संगीत वाजलं तेव्हा सुलोचनावहिनींनी सवयीनं हात जोडले. जपानी कोणाला कळत होतं? पण कळायची गरजही नव्हती. राक्षस रबराचाच होता. पाठीची चेन तर आता मोठ्या टीव्हीवर आणखीच ठळक दिसत होती. एक पुठ्ठ्याची इमारत पडण्याआधीच वाकली. तरी घरात हसायचं कोणाला सुचलं नाही. टेकचंद खुर्चीच्या टोकाला बसून बघत होता. वार झाला तेव्हा त्याचा उजवा हात आपोआप स्वतःच्या छातीवर गेला आणि तिथेच राहिला.

निळा पडला. दिवा विझला. इथपर्यंत त्यानं लहानपणी बघितलेलं होतं. आता पुढचं.

समुद्राचा किनारा आला. पहिलं फूल पडलं, तसा मी उठलो.

"पानी पिऊन येतो."

"आताच?" वहिनी म्हणाल्या.

"घसा सुकला जी!"

पडवीत गेलो, इकडे तिकडे बघितलं आणि मेन खाली ओढला. खट्ट! आतला पंखा मंदावला, टीव्हीचा आवाज बंद. मी मोठ्यानं ओरडलो, "अरे देवा! लाईन गेली! ऐन वख्ती गेली पाहा!" आमच्याकडच्या झाडीपट्टीच्या नाटकांत मला कोणी घेतलं नाही, हे त्यांचंच नुकसान.

आणि तसाच हात उंचावत मी आत आलो. "काही हरकत नाही टेकचंद! पुढचं मी पाह्यलं आहे, सांगतो! आता आभाळातून त्याचा मोठा भाऊ येते. त्याच्या हाती जडीबुटी राहते. ते फुलं बाजूला करते, जडी छातीवर ठेवते, आन निळा उठून..."

"श्शू!" वहिनी म्हणाल्या.

माझ्याकडे कोणी बघतच नव्हतं. तिघांची डोकी एकाला एक लावलेली, आणि मध्ये प्रियंकाच्या हातात फोन. त्यात निळा चालूच होता!

फोनला बॅटरी असते हो! टीव्ही बंद पडला, पण चित्र तर फोनातून येत होतं! मुनीमजींच्या काळातली युक्ती मी आत्ताच्या काळात लावली होती. मी तसाच उभा. एक हात वर, तोंड उघडं, भाऊ अर्ध्या आभाळात लटकलेला.

आता फुलांवरून माणसं पाठ फिरवतील, निघून जातील आणि संपेल. मला बघवेना. मी डोळे मिटले.

फोनातून फक्त लाटांचा आवाज येत होता. बराच वेळ लाटाच. मग वहिनींच्या तोंडून हलकेच निघालं, "अगो माय!"

मी डोळे उघडले आणि त्यांच्या डोक्यांवरून वाकून बघितलं. तळहाताएवढ्या पडद्यावर संध्याकाळ झालेली. किनाऱ्यावर कोणी नाही. फुलांच्या ढिगाखाली काही तरी मिणमिणलं. विझलं. पुन्हा मिणमिणलं. कपाळावरचा दिवा! फुलं घसरली, एक हात वाळूत रुतला, आणि निळा उठून बसला. मग उभा राहिला. इकडे तिकडे बघितलं, आणि हळूहळू किनाऱ्यानं एकटाच चालत गेला. तो उठला हे कोणालाच दिसलं नाही. अर्धवट पाहून निघून गेलेली माणसं तिकडेही होती.

जन्मभर पोत्याच्या तळाशी खराब माल लपवणारे पाहिले. चांगला माल तळाशी लपवणारे हे जपानी पहिलेच!

"उठला," टेकचंद म्हणाला. एवढंच. त्याच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ते पुसायची त्याला आठवण नव्हती.

प्रियंका उठून बाहेर गेली. खट्ट! पंखा फिरायला लागला. ती दारात परत येऊन उभी राहिली, शाळेत पोरांसमोर उभी राहते तशी. "काकाजी, लाईन गेली नव्हती. मेन खाली होता."

"काऊन जी भाऊजी, मेन काऊन पाडला?" वहिनींनी विचारलं.

टेकचंदनं मान वळवली. "थांब. तू त पूर्ण पाह्यला होता ना, भोज्या? मंग फुलं काऊन सांगतले, उठलेला काऊन नाही सांगतला? आन हा मोठा भाऊ कोनता?"

कबूल केलं. काय करणार! रांग, ट्रॅक्टर, अंगठा, पट्टी, सगळं सांगितलं. बाहेर कोंबड्या अजून धान टिपत होत्या.

"परखी मारली?" टेकचंदनं विचारलं.

"मारली."

"तीन जागी?"

"तीन जागी."

"आन तळाशी?"

"तळाशी नाही गेली."

आणि तो हसायला लागला. असा हसला की वहिनी घाबरून त्याच्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. "हसू नका जी! छाती! अवो, छाती आहे तुमची!" त्याला धाप लागली. तो थांबला, पाणी प्यायला, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा हसला. मग डोळे पुसून सुनेला म्हणाला, "पोरी, बॅग भर."

नागपूरला मी सोबत होतो. त्याला आत नेलं तेव्हा दारावरचा लाल दिवा लागला. मी त्याच्यासमोरच्या बाकावर बसलो आणि तो दिवा पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला. एकदाही नजर काढली नाही. चहा आला, तोही प्रियंकालाच घ्यायला लावला. तुम्हाला खोटं वाटेल, पण आयुष्यात पूर्ण बघितलेली माझी ती पहिलीच गोष्ट.

टेकचंद उठला.

उन्हाळी धान निघाला तेव्हा तो स्वतः माझ्या दुकानी आला. पोरगा ट्रॅक्टर चालवत होता, आणि हा मागच्या जीपमध्ये उशी घेऊन बसलेला. खुर्ची दिली, पाणी दिलं. दुकानात गर्दी होती. हमालांनी पोती उतरवली. मी बोलता बोलता, हाताच्या सवयीनं, परखी उचलली आणि पहिल्या पोत्यात घालणार, तेवढ्यात टेकचंद म्हणाला, "भोज्या."

मी वळलो. त्यानं सगळ्यांसमोर सदऱ्याची बटणं उघडली. गळ्याच्या खाली सुरू झालेली ती खूण सरळ खालपर्यंत गेलेली.

"डॉक्टरनं पाह्यलं त असं पाह्यलं," तो म्हणाला. "वरून खालपर्यंत. परखी नाही मारली."

मी परखी भिंतीला टेकवली आणि हमालांना म्हटलं, "ओता."

"कोनतं पोतं, शेठ?"

"सगळे."

अख्खी दुपार धान जमिनीवर ओतून दाणादाणा बघितला. माल एकदम चोख होता. पण गोष्ट तिथेच थांबली असती तर बरं झालं असतं. गोंदियात कुठली गोष्ट दुकानात थांबते? आता कोणताही शेतकरी माझ्याकडे धान घेऊन येतो, आणि मी परखीकडे नुसतं बघितलं तरी तो गुपचूप सदऱ्याच्या बटणाला हात घालतो.